पाटी बदलली, वाट कुणाची?

आपल्या देशात अनोळखी माणसाची चौकशी ठरावीक क्रमाने होते. आधी नाव विचारायचे, मग आडनाव, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर "राहायला कुठे?" हा प्रश्न टाकायचा. विचारणाऱ्याला त्या माणसाच्या घरी पत्र पाठवायचे नसते. त्याला जात हवी असते आणि ती पत्त्यातून हमखास मिळते. ब्राह्मण आळी, माळी गल्ली, कुंभारवाडा, महारवाडा, मांगवाडा असे पत्ते शेकडो वर्षे या मातीत नांदले. माणूस तोंडाने जात सांगो वा न सांगो, त्याचा रस्ता ती सांगून टाकत असे.

कोणत्याही रस्त्याच्या किंवा वस्तीच्या नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग कुणाचे तरी नाव असतो : एखादा पुढारी, एखादी देवता, एखादी जात, एखादा वार. दुसरा भाग म्हणजे आळी, गल्ली, पेठ, वाडा, वाडी, नगर, मार्ग, पथ, रोड यांपैकी एखादा साधा शब्द. पहिल्या भागावरून महापालिकांची सभागृहे गाजतात, मोर्चे निघतात, निवडणुका लढवल्या जातात. दुसऱ्या भागाकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. परंतु त्या वस्तीत कोण राहत होते, तिथे जाण्यायेण्याचा अधिकार कुणाला होता आणि कुणाला नव्हता, याचा इतिहास बहुतेक वेळा या दुसऱ्या शब्दातच दडलेला असतो. आज या शब्दांचा अर्थ पाहणे आवश्यक आहे, कारण शासनाने पाट्या बदलण्याचे ठरवले आहे आणि आपल्या समाजाने त्या बदलाचे स्वागतही केले आहे. पाटीबरोबर वाटही बदलते आहे काय, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारलेला नाही.

रांग आणि कुंपण

'आळी' म्हणजे ओळ, रांग. संस्कृतातील 'आली' या शब्दाचाही अर्थ तोच. एका धंद्याची, एका जातीची घरे एका ओळीत बसवली की त्या ओळीची आळी होते. कासार आळी, कुंभार आळी, ब्राह्मण आळी ही नावे तशीच पडली. म्हणजे आळी हा मुळात रस्ता नव्हे, ती माणसांची लावलेली रांग आहे. रांगेत कुणी कुठे उभे राहायचे हे रांग लावणारा ठरवतो, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

'पेठ' हा बाजाराचा शब्द. कन्नडमध्ये 'पेटे' आणि तमिळमध्ये 'पेट्टै' अशी त्याची भावंडे आहेत. पुण्याच्या बऱ्याच पेठा वारांच्या नावाने ओळखल्या जातात. पण पाहुण्याला हमखास चकवणारी पेठ म्हणजे रास्ता पेठ. तिचा रस्त्याशी काही संबंध नाही. रास्ते नावाच्या सरदार घराण्यावरून ते नाव पडले. ज्या गंज पेठेत जोतीराव आणि सावित्रीबाई राहिले, ती आज महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच पेठेत. पेशव्यांच्या पुण्यात ज्यांना रस्त्याने चालताना स्वतःच्या सावलीचीही चोरी होती, त्यांच्यासाठी एका पेठेतील एका घराचे दार उघडले, ही घटना त्या काळी केवढी मोठी होती याची कल्पना आज येणार नाही.

आता 'वाडा' घ्या. मराठीत 'वाट' आणि 'वाडा' हे शब्द ऐकायला जवळचे वाटतात. पण त्यांची कुळे वेगळी आहेत. 'वाट' हा शब्द संस्कृत 'वर्त्मन्' पासून प्राकृतातून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जाण्यायेण्याची जागा. 'वाडा' मात्र कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा या अर्थाच्या दुसऱ्या संस्कृत शब्दापासून आला. एक शब्द मोकळे करणारा, दुसरा बंदिस्त करणारा. कुंपण दोन कारणांसाठी घातले जाते. एक तर आतल्याचे रक्षण करण्यासाठी, नाही तर आतल्याला बाहेर येऊ न देण्यासाठी. शनिवारवाडा पहिल्या प्रकारचा आणि महारवाडा दुसऱ्या प्रकारचा. शब्द एकच, परंतु एका वाड्याच्या दाराशी चौकीदार आतल्यांच्या सेवेला उभा होता आणि दुसऱ्या वाड्याच्या तोंडाशी गावाची वेस आतल्यांच्या विरोधात उभी होती. मराठी भाषेला दोघांसाठी वेगळा शब्द शोधण्याची गरज वाटली नाही.

कोकणात वाड्याची 'वाडी' झाली. तिथे एकाच गावात कुणबीवाडी, भंडारवाडी, ब्राह्मणवाडी आणि बौद्धवाडी अशा वाड्या असतात. चढउतारावरच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेला तिथे 'पाखाडी' म्हणतात. गावच्या पाखाड्या बांधण्यासाठी डोक्यावरून दगड वाहणारे हात कुणाचे होते आणि त्या पाखाडीवरून ताठ मानेने चालण्याची मुभा कुणाला होती, हे कोकणातल्या जुन्या माणसांना विचारावे. मुंबईच्या गिरगावात 'खोताची वाडी' आजही पर्यटकांना आवर्जून दाखवली जाते. तिथली जुनी लाकडी घरे सुंदर आहेत यात शंका नाही. पण 'खोत' हा शब्द उच्चारताना कोकणातील कुळांच्या पाठीवर काय उमटत होते, हे आपण विसरू शकत नाही. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात मांडले होते. ज्या शब्दाने एकाला वारसास्थळ आठवते, त्याच शब्दाने दुसऱ्याला वेठ आठवते.

गावाच्या टोकाचा माणूस

आपल्या पूर्वजांना धर्मग्रंथांनी 'अंत्यज' म्हटले. त्याचा अर्थ 'शेवटी जन्मलेला' असा लावून आपल्याला जन्मानेच हीन ठरवण्यात आले. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हा अर्थ नाकारला. अंत्य, अंत्यज, अंत्यवासी या शब्दांतील 'अंत' हा जन्माचा नसून गावाच्या सीमेचा आहे, गावाच्या टोकाला राहणारा तो अंत्यज, अशी मांडणी त्यांनी केली. ही नुसती शब्दांची कसरत नव्हती. माणसाला हीन ठरवणारी गोष्ट त्याच्या रक्तात शोधायची की त्याला दिलेल्या जागेत, हा त्यातला मूळ प्रश्न होता. बाबासाहेबांनी बोट जागेवर ठेवले. म्हणजे 'अंत्यज' हा शब्ददेखील शेवटी एक पत्ताच ठरतो.

ही गोष्ट महाराष्ट्रापुरती नाही. कन्नडमध्ये 'केरी' म्हणजे आळी, गल्ली. परंतु 'होलगेरी' म्हटले की तिथल्या अस्पृश्यांची वस्ती. तमिळनाडूत गावाला 'ऊर' म्हणतात आणि दलितांच्या वस्तीला 'चेरी'. म्हणजे चेरी ही ऊरमध्ये मोडतच नाही, ती गावात असून गावाबाहेर. पुढे सरकारने दलितांसाठी घरे बांधली आणि त्या वस्त्यांना 'कॉलनी' हे नवे इंग्रजी नाव मिळाले. नाव नवे, निर्दोष, कुठल्याही जातीचा वास नसलेले. परंतु जागा तीच राहिली, गावाबाहेरची. मग काय झाले? काही वर्षांतच 'कॉलनी' या शब्दालाच जात चिकटली. "कॉलनीतला आहे" एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला कळू लागले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांना विधानसभेत जाहीर करावे लागले की, हा शब्द अस्पृश्यतेचे चिन्ह बनला असून तो सरकारी दप्तरातून काढला जाईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या सरकारने रस्ते आणि वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा आदेशही काढला.

आता मुंबईत या. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावे घेतली की डोळ्यांसमोर रुंद रस्ते, झाडे आणि सुशिक्षित कुटुंबे येतात. बाबासाहेबांचे 'राजगृह' याच हिंदू कॉलनीत आहे. एकच इंग्रजी शब्द दादरमध्ये प्रतिष्ठेचा आणि तमिळनाडूच्या खेड्यात अपमानाचा. शब्दकोशात दोन्हींचा अर्थ एकच दिला आहे. फरक पडला तो जमिनीवर. यातून एक नियम निघतो आणि तो आपण मनात पक्का धरला पाहिजे : शब्द बदलला आणि जागा बदलली नाही, तर जागेचा कलंक नव्या शब्दाला चिकटतो.

साहेबांचे रस्ते, राजांचे पथ

इंग्रजांनी आपल्याबरोबर स्ट्रीट, रोड, लेन, अॅव्हेन्यू हे शब्द आणले. 'स्ट्रीट' हा लॅटिनमधील फरसबंदी वाटेचा शब्द. 'रोड' या शब्दाचे नाते घोड्यावर स्वार होण्याशी आहे. 'अॅव्हेन्यू' हा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ जवळ येण्याची वाट. बड्या उमरावाच्या हवेलीकडे नेणारा, दुतर्फा झाडे लावलेला रस्ता म्हणजे अॅव्हेन्यू. म्हणजे तिकडेही शब्दांना उंच-नीच होतीच. त्यांनी दिल्लीत 'किंग्जवे' बांधला, आपण स्वातंत्र्यानंतर त्याचा 'राजपथ' केला. म्हणजे राजा गेला तरी नावात त्याचा पथ शिल्लक राहिला. शेजारच्या 'क्वीन्सवे'चा मात्र 'जनपथ' झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये राजपथाचे 'कर्तव्य पथ' असे नामकरण करण्यात आले. राज्यकर्त्यांना कर्तव्याची आठवण पाटीवरून होत असेल तर आनंदच आहे. नागरिकाला मात्र पथावर आधी अधिकार लागतो, कर्तव्याची गोष्ट त्यानंतरची.

मुंबईतील 'व्हिन्सेंट रोड'चा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड' झाला. आज शहराच्या एका मोठ्या आणि गजबजलेल्या रस्त्याला बाबासाहेबांचे नाव आहे आणि त्या रस्त्याने कुणीही, कुठल्याही जातीचा माणूस, कुणाची परवानगी न घेता जातो. ज्या महामानवाच्या समाजाला रस्ता नाकारला गेला त्याच्या नावाचा रस्ता सर्वांना खुला आहे, यापेक्षा योग्य स्मारक कोणते?

'मार्ग' हा शब्द आपल्याला विशेष जवळचा. संस्कृतातील शोध घेण्याच्या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते सांगितले जाते. पालीत त्याचा 'मग्ग' झाला आणि तथागतांनी दुःखातून बाहेर पडण्याच्या रीतीला 'अरियो अट्ठंगिको मग्गो' म्हटले. त्या मग्गावर पाऊल टाकण्यासाठी जात विचारली जात नव्हती. बुद्धाच्या संघात आलेला उपाली जातीने न्हावी होता आणि सुनीत रस्ता झाडणारा. 'मार्ग' या शब्दाला सर्वांसाठी मोकळे असण्याचा हा अर्थ बौद्ध परंपरेने दिला. पाटीवर 'मार्ग' लिहिणाऱ्या किती कारकुनांना हे ठाऊक असेल?

कायदा शब्द पाहत नाही

इथे वकील म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ मध्ये 'रस्ता' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात हमरस्ता, पूल, गल्ली, बोळ, पायवाट असे कितीतरी प्रकार एकामागून एक मोजले आहेत. आणि त्या सर्वांना एकच कसोटी लावली आहे : जिथून जाण्यायेण्याचा लोकांना हक्क आहे, किंवा जिथून लोक सलग वीस वर्षे विनाअडथळा ये-जा करत आले आहेत, तो रस्ता. तिथून आरपार जाता येत असो वा नसो. आळी की पेठ, मार्ग की बोळ, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. त्याला एकच प्रश्न पडतो : लोकांना जाता येते का?

मराठीत याच अर्थाचा एक सुंदर शब्द आहे, 'हमरस्ता'. हमरस्ता म्हणजे सर्वांचा रस्ता. मात्र 'सर्व' या शब्दात आपण धरले जात नव्हतो, हीच तर आपल्या इतिहासाची मेख आहे. पेशवाईत सवर्ण माणूस येत असेल तर अस्पृश्याने रस्त्यावर असू नये, पुण्यात त्याने कमरेला झाडू बांधून आपली पावले आपणच पुसत चालावे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे, ही वस्तुस्थिती बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या भाषणात जगापुढे मांडली. ते भाषण त्यांना करू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापले. केरळातील वैकोम येथे ३० मार्च १९२४ रोजी जो सत्याग्रह सुरू झाला, तो मंदिरप्रवेशाचा नव्हता. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे, एवढीच मागणी होती. त्या रस्त्यांवर अस्पृश्यांना बंदी असल्याच्या पाट्या होत्या. वीस महिन्यांच्या लढ्यानंतर तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेकडचा रस्ता बंदच राहिला. तो खुला होण्यासाठी १९३६ सालची मंदिरप्रवेशाची घोषणा व्हावी लागली. चालण्यासाठी एवढा लढा!

महाडचे उदाहरण तर आपल्या घरचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही पुढे चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले होते. परंतु २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने महाडच्या रस्त्यांवरून चालत तळ्यावर गेली, तेव्हा ते खऱ्या अर्थाने खुले झाले. पाण्याला ओंजळ लावण्याआधी त्यांनी त्या रस्त्यावर पाय लावला होता. पुढे सनातन्यांनी कोर्टात दावा केला, तेव्हा त्यांचा मुख्य आधार होता 'वहिवाट'. अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची जुनी रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. अशी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झाली नाही, असे न्यायालयाने म्हटले.

'वहिवाट' या शब्दातही 'वाट' ऐकू येते. आपल्या विरोधकांनी या शब्दाचा उपयोग आपल्याला अडवण्यासाठी केला. परंतु कायद्यात वहिवाट ही दुधारी आहे. वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून वापरलेल्या वाटेचे संरक्षण १८८२ चा सुखाधिकार कायदा करतो. तेव्हा हा शब्द आपणही आपल्या बाजूने उच्चारायला शिकले पाहिजे.

आणि सर्वांत वरती संविधान आहे. अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द स्पष्टपणे घातलेला आहे. शासनाच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेला किंवा जनतेच्या उपयोगासाठी दिलेला कोणताही रस्ता जातीच्या, धर्माच्या कारणावरून कुणालाही नाकारता येणार नाही. हे बंधन केवळ सरकारवर नाही. गावातील पाटलावर, सरपंचावर, शेजाऱ्यावरही ते आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ चे कलम ४ रस्ता नाकारणे हा गुन्हा ठरवते. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ मध्ये २०१६ साली अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(वाय) आणि कलम ३(१)(झेड-ए) यांत सार्वजनिक ठिकाणी जाण्याची वाट अडवणे, रस्ता वा स्मशानभूमी वापरण्यास अडथळा करणे, हे अत्याचार म्हणून नमूद आहेत. हे आपल्या तरुणांना पाठ असले पाहिजे.

नव्या पाट्या आणि जुना प्रश्न

महाराष्ट्र शासनाच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी उदाहरणे त्यात दिली होती आणि त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली होती. निर्णय स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नाही. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर, विजेच्या बिलावर, नोकरीच्या अर्जावर शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द छापलेला असणे ही शासनमान्य मानहानी होती. ती थांबायलाच हवी होती.

नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी मराठवाड्याकडे पाहावे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यासाठी आपल्या माणसांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षे एका पाटीसाठी समाज लढला. सांगली जिल्ह्यातील बेडग येथे जून २०२३ मध्ये बाबासाहेबांच्या नावाची उभी राहत असलेली स्वागत कमान पाडली गेली, तेव्हा तिथल्या आंबेडकरी कुटुंबांनी गाव सोडून मुंबईची वाट धरली. नाव ही क्षुल्लक गोष्ट असती तर कमान पाडणाऱ्यांनी एवढे कष्ट घेतले नसते.

परंतु या निर्णयातील दोन गोष्टी तपासून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट 'बौद्धवाडा' या नावाची. बौद्ध ही जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या माणसांनी महारवाड्याची पाटी स्वतःच्या हाताने पुसली आणि तिथे बौद्धवाडा, बौद्धवाडी असे लिहिले. ते नाव गावाने दिलेले नव्हते, आपण घेतलेले होते. लादलेले नाव आणि स्वीकारलेले नाव एकाच यादीत बसवता येणार नाही. ज्या वस्तीला ते नाव ठेवायचे असेल तिला ठेवू द्यावे, ज्या वस्तीला भीमनगर हवे असेल तिने ते घ्यावे. पण निर्णय त्या वस्तीतील माणसांचा असावा. गावच्या बहुमताने किंवा तालुक्याच्या कचेरीने तो परस्पर घेऊ नये.

दुसरी गोष्ट 'नगर' या शब्दाची. नगर म्हणजे शहर आणि 'नागरिक' हा शब्द नगरावरूनच आलेला आहे. मुंबईत आपल्या माणसांनी रेल्वेच्या कडेला, महामार्गाच्या बाजूला झोपड्या बांधल्या आणि त्यांना सिद्धार्थनगर, भीमनगर, माता रमाबाई आंबेडकर नगर अशी नावे दिली. नळ नव्हता, संडास नव्हता, तरीही त्यांनी नगर म्हटले, कारण त्यांना नागरिक व्हायचे होते. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि दहा जणांचे प्राण गेले. नागरिक होण्याची किंमत त्या नगराने मोजली. 'नगर' हा शब्द आपल्यासाठी एवढा वजनदार आहे.

म्हणूनच प्रश्न पडतो. ब्राह्मण आळीचे समतानगर होणार आहे काय? माळी गल्लीचे शाहूनगर होणार आहे काय? निर्णयात ब्राह्मणवाड्याचाही उल्लेख आहे, हे शासनाला वारंवार सांगावे लागेल. कारण नवी नावे फक्त आपल्या वस्त्यांना लागली आणि बाकीच्या आळ्या जिथल्या तिथे राहिल्या, तर उद्या "समतानगरचा आहे" म्हटले की लोकांना जात कळेल. तमिळनाडूत 'कॉलनी' या शब्दाचे जे झाले तेच आपल्याकडे 'समता' या शब्दाचे होईल. आणि समता हा शब्द जर जातीची खूण बनला, तर त्याहून मोठी विटंबना नाही.

पाटीच्या पुढे

तमिळनाडूच्या मदुराई जिल्ह्यात उथापुरम नावाचे गाव आहे. तिथे दलित वस्ती आणि उर्वरित गाव यांच्यामध्ये सवर्णांनी भिंत बांधली होती. मे २००८ मध्ये त्या भिंतीचा काही भाग पाडून वाट मोकळी करण्यात आली. त्या वस्तीचे नाव काहीही असते, तरी भिंत होती तोवर तो वाडाच होता. कुंपण फुटले तेव्हा वाट झाली.

आपल्या गावात दगडाची भिंत नसेल. पण वरात देवळासमोरून न्यायची नाही, जयंतीची मिरवणूक अमुक चौकाच्या पुढे आणायची नाही, प्रेत नेण्याची वाट कुणीतरी नांगरून टाकली, वस्तीकडे येणारा डांबरी रस्ता शेवटच्या सवर्ण घरापाशी संपला, या सगळ्या भिंतीच आहेत. नांदेड जिल्ह्यातील बोंढार हवेली येथे जून २०२३ मध्ये एका आंबेडकरी तरुणाचा खून झाला. गावात पहिल्यांदा भीमजयंतीची मिरवणूक निघाल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप झाला. मिरवणूक म्हणजे शेवटी काय? सर्वांच्या रस्त्यावरून वाजतगाजत चालणे.

तेव्हा पाटी बदलण्याच्या समारंभाला जाऊन हार घालून परतणे पुरेसे नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत 'नमुना २३' नावाची नोंदवही असते. पंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंद तिच्यात होते. आपल्या वस्तीकडे येणारा रस्ता, वस्तीतून पाणवठ्याकडे जाणारी वाट आणि स्मशानभूमीची वाट या नोंदवहीत आहे काय, हे पाहावे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून तिची प्रमाणित प्रत मागावी. नोंद नसेल, तर ग्रामसभेत लेखी ठराव मांडून ती करून घ्यावी आणि ठरावाची नक्कल हातात घ्यावी. नोंद असूनही वाट अडवली असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. शेतजमिनीतून जाणारी वाट अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत हातची गेल्यामुळे कित्येक खरी प्रकरणे वाया जातात. आणि अडवणूक जातीच्या कारणाने असेल, तर वर सांगितलेली कलमे आहेतच.

रस्त्याची नोंद झाली की त्याला नावही आपण सुचवावे. त्या नावाच्या शेवटी वाडा नको, आळीही नको. बाबासाहेबांच्या, फुल्यांच्या, शाहूंच्या, सावित्रीमाईच्या, रमाईच्या नावापुढे 'मार्ग' लिहावे. पण तो मार्ग वस्तीच्या आत सुरू होऊन वस्तीतच संपणारा नसावा. तो गावाच्या वेशीतून, बाजारातून, देवळासमोरून, चावडीवरून सरळ मुख्य रस्त्याला मिळणारा असावा. सगळ्या गावाच्या पत्त्यात तो यावा आणि गावातील प्रत्येकाने आपल्या घराचा पत्ता सांगताना त्याचे नाव घ्यावे.

महाडच्या रस्त्यावर बाबासाहेबांच्या मागून चालणाऱ्या माणसांच्या पायात बहुधा वहाणाही नव्हत्या. त्यांनी कुठलीही पाटी लावली नाही. ते फक्त चालले आणि तो रस्ता हमरस्ता झाला. आपल्या गावातील वाट आपल्या पायांनी मोजून पाहण्याची पाळी आता आपली आहे.

जय भीम!